खोकल्यासाठी छातीविकारतज्ज्ञांकडे जाताना कोणती तयारी करावी?

इंदिरानगरकर
नमस्कार. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, निफाड तालुक्यात राहतात. वय 67, स्वतःची द्राक्षबाग आहे आणि अजूनही ते रोज बागेत जातात. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेला त्यांचा खोकला संक्रांत होऊन गेली तरी थांबलेला नाही. गावातील डॉक्टरांनी दोनदा औषधे दिली, त्यांनी काही दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता पुढच्या आठवड्यात नाशिकमधील एका छातीविकारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे.

माझी अडचण अशी आहे की, घरी रात्री उबळ आली की अण्णांना उठून बसावे लागते, पण डॉक्टरांसमोर ते "विशेष काही नाही, थोडा ठसका लागतो" एवढेच सांगतात. सासूबाईंच्या मते खोकला दसऱ्यापासून आहे, यजमानांच्या मते तुळशीच्या लग्नानंतरचा. डॉक्टरांकडे मिळणारा वेळ थोडा असतो, तो या वादात जाऊ नये असे वाटते. काय लिहून न्यावे, सोबत काय ठेवावे, आणि छातीचा एक्स-रे आधीच काढून न्यावा का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त परिचारिका
ताई, आपण आधीच विचारलेत हे फार चांगले केलेत. शासकीय रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात माझी बरीच वर्षे गेली, आणि खोकल्याच्या रुग्णाचे निदान पुष्कळदा त्याने सांगितलेल्या हकिकतीवरच अर्धे होत असे, असे मी पाहिले आहे. तपासणीच्या वेळी रुग्ण खोकेलच असे नाही, आणि स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ ऐकू आली तरी आजार नाही असे ठरत नाही.

सुरुवात कधी झाली याचा वाद घरीच मिटवा. तारीख आठवत नसेल तर अण्णांना सण किंवा शेतीची कामे विचारा. ऑक्टोबरची छाटणी झाली तेव्हा खोकला होता का, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी होता का, तुळशीच्या लग्नाला पाहुणे आले तेव्हा होता का, असे एकेक विचारत गेले की माणसाला नेमके आठवते. सुरुवातीला सर्दी-ताप येऊन खोकला मागे राहिला, की काहीही नसताना हळूहळू सुरू झाला, हेही त्याच वेळी विचारून घ्या, कारण या दोन हकिकतींवरून डॉक्टरांचा विचार वेगवेगळ्या दिशांनी जातो.

त्यानंतर भेटीपर्यंतचे जे दिवस हातात आहेत त्यांत निरीक्षण करा. खोकला पहाटे वाढतो की झोपल्याबरोबर येतो, जेवणानंतर येतो की बोलताना, थंड वाऱ्याने येतो की धुराने, हे सासूबाईंना बरोबर सांगता येईल. पहाटेचा खोकला आणि छातीतील घरघर ऐकली की डॉक्टर दम्याकडे पाहतात. आडवे झाल्यावर किंवा भरपेट जेवणानंतर येणारा खोकला, सोबत आंबट ढेकर आणि बसलेला आवाज असेल, तर ते आम्लपित्ताविषयी विचारतात. घशात मागून सतत काही उतरते आहे अशी भावना असेल तर नाकाची तपासणी होते. पूर्वी एका उशीवर झोपणाऱ्या माणसाला आता दोन-तीन उशा लागत असतील आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसत असेल, तर हृदयाचीही चौकशी होते. म्हणून उशांची गोष्ट क्षुल्लक समजून गाळू नका.

कफ पडत असेल तर त्याचा रंग, साधारण प्रमाण आणि त्यात कधी रक्ताची रेघ दिसली का, हे अण्णांना मोकळेपणाने विचारा. बेडका मोरीत टाकून वर पाणी ओतण्याची आपल्याकडे सवय असल्याने पुष्कळ जणांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. रात्रीची उबळ मोबाईलवर चित्रित करून ठेवली तर ती डॉक्टरांना दाखवता येते, आणि मग "थोडा ठसका" या उत्तरावर सगळे अवलंबून राहत नाही.

गोदाकाठ
वरील सल्ला उत्तम आहे, पण त्यात थोडी भर घालतो. आपण लोक जाड फाईल घेऊन जातो आणि डॉक्टरांनी ती पहिल्या पानापासून वाचावी अशी अपेक्षा करतो. ते होत नाही आणि होणे शक्यही नाही. सगळी हकिकत अर्ध्या पानावर, मोठ्या अक्षरात लिहावी आणि सर्वांत वर "कशासाठी आलो आहोत" हे एका वाक्यात असावे. जुने कागद तारखेप्रमाणे लावून वेगळे ठेवावेत, म्हणजे मागितला की लगेच हाती देता येतो. वडिलांच्या वेळी आम्ही गुडघेदुखीपासून सगळे सांगत बसलो आणि खोकल्याला शेवटची दोन मिनिटे उरली.

औषधविक्रेता
माझे पंचवटीत औषधांचे दुकान आहे, त्यामुळे मी औषधांपुरतेच लिहितो. "एक गुलाबी गोळी आणि एक पांढरी गोळी" एवढ्या वर्णनावरून कोणालाही काही ओळखता येत नाही. घरातील सर्व औषधांची पाकिटे आणि बाटल्या, संपलेल्या पट्ट्यांसह, एका पिशवीत भरून न्या. त्यात रक्तदाब, मधुमेह आणि सांधेदुखीच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, शेजाऱ्याने दिलेले श्वासाचे पंप (इनहेलर), चूर्णे, काढे असे सारे असू द्या.

दोन गोष्टी मुद्दाम शोधा. पहिली म्हणजे गावातील डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके कोणती होती आणि किती दिवस घेतली. लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन यांसारख्या औषधांनी क्षयरोगाची लक्षणे काही काळ दबू शकतात आणि निदान लांबते, म्हणून ती घेतली होती हे तज्ज्ञांना कळणे फार गरजेचे आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर त्याही सांगाव्यात. "काही दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच" हे आपण लिहिले आहे, तेव्हा नेमके कोणत्या औषधाने बरे वाटले, हाही उपयोगी धागा आहे.

दुसरी गोष्ट रक्तदाबाच्या गोळीची. तिच्या मूळ घटकाच्या नावाच्या शेवटी "प्रिल" असेल, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल यांपैकी काही असेल, तर त्या गटातील औषधांनी काही रुग्णांना कोरडा, घशात गुदगुल्या करणारा खोकला लागतो. तो गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत येऊ शकतो किंवा काही महिन्यांनीही. कंपनीचे नाव पाहू नका, पट्टीवर बारीक अक्षरात छापलेले घटकाचे नाव पाहा.

इंदिरानगरकर
आपल्या सूचनेप्रमाणे फोनवर सासूबाईंकडून पट्टी वाचून घेतली. अण्णांना गणपतीच्या सुमारास रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली होती आणि ती रामिप्रिलच आहे. मग खोकल्याचे कारण हेच असेल का, आणि भेट होईपर्यंत ती बंद करावी का? तसे असेल तर तज्ज्ञांकडे जाण्याची गरज तरी उरते का, असे यजमान विचारत आहेत.

आणखी एक नाजूक बाब आहे. अण्णांनी बिडी सोडली असे ते सांगतात, पण बागेतील माणसे वेगळे सांगतात. सुनेसमोर ते हे कबूल करणार नाहीत आणि मलाही विचारणे प्रशस्त वाटत नाही.

म्हसरूळची डॉक्टर
मी छातीविकार विभागात काम करते. कोणा विशिष्ट रुग्णाचे निदान येथे करता येत नाही, हे आधी स्पष्ट करून सर्वसाधारण उत्तर देते.

रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना फोन करून खोकल्याविषयी सांगावे. गरज वाटल्यास ते टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारख्या, सहसा असा खोकला न करणाऱ्या गटातील गोळी देऊ शकतात. गोळी बदलली तरी खोकला दुसऱ्या दिवशी थांबत नाही. त्याला साधारणपणे एक ते चार आठवडे लागतात आणि काहींना तीन महिन्यांपर्यंतही वाट पाहावी लागते.

परंतु एक संभाव्य कारण सापडले म्हणून भेट रद्द करणे ही मोठी चूक ठरेल. गोळी घेणाऱ्या माणसाला क्षयरोग होत नाही किंवा बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाचे काही बिघडत नाही, असे थोडेच आहे! प्रौढांचा खोकला तीन आठवड्यांपर्यंत अल्पकालीन आणि आठ आठवड्यांच्या पुढे दीर्घकालीन मानला जातो. साध्या विषाणुजन्य संसर्गानंतरचा खोकलाही सरासरी अडीच आठवडे टिकतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात घाबरून प्रतिजैविके मागण्यात अर्थ नसतो. मात्र आपल्या देशात दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरण आहे. दिवाळी ते संक्रांत हा काळ या सगळ्या मर्यादा ओलांडून जातो, तेव्हा छातीचा एक्स-रे आणि कफाची तपासणी होईल असे गृहीत धरूनच या. अण्णांचे वजन घटले आहे का, संध्याकाळी अंगात कसकस वाटते का, रात्री घामाने सदरा भिजतो का आणि भूक कमी झाली आहे का, ही माहिती त्यासाठीच हवी असते. वजनाचा जुना आकडा सापडत नसेल तर धोतर किंवा पायजमा सैल होऊ लागला आहे का, हे सासूबाईंना विचारा.

एक्स-रे आधी काढावा का, असे आपण विचारले आहे. भेटीची वेळ देणाऱ्या दवाखान्यात फोन करून विचारणे सर्वांत बरे, कारण अनेक ठिकाणी तो तेथेच काढतात आणि मग दोनदा खर्च होतो. याआधीचा कोणताही एक्स-रे घरात असेल, मग तो दहा वर्षांपूर्वीचा का असेना, तो मात्र जरूर आणा. फुप्फुसावर दिसणारा डाग जुना आहे की नवा, हे जुन्या फिल्मशी ताडूनच कळते, आणि त्यावरून पुढचे सीटी स्कॅन टळूही शकते. केवळ छापील अहवाल पुरत नाही, मूळ प्रतिमा हवी.

बिडीविषयी असे करता येईल. अण्णांसोबत आपल्या यजमानांनी आत यावे आणि थोडे बोलणे झाल्यावर त्यांनीही औषधांच्या चौकशीच्या निमित्ताने बाहेर जावे. आम्ही रुग्णाशी एकांतात बोलतो तेव्हा तो बहुतेकदा खरे सांगतो. दिवसाला किती बिड्या आणि किती वर्षे, एवढेच आम्हाला हवे असते, त्यावरून कोणी रागावत नाही. अर्ध्या पानाच्या टिपणात "बिडी: कृपया स्वतंत्रपणे विचारावे" असे लिहिले तरी आम्ही समजतो.

मात्र कफातून रक्त येणे, बसल्या जागी धाप लागणे, एक वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर पडणे किंवा छातीत जोराची कळ येणे यांपैकी काही झाले, तर भेटीच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गावाकडे वाहन नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

निफाडचा बागायतदार
वहिनी, एक गोष्ट कोणीच विचारली नाही म्हणून लिहितो. द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फवारण्यांचा हंगाम सुरू होतो. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी पाऊस-दव पाहून आपण अक्षरशः एका आड एक दिवस फवारतो आणि भुरीसाठी गंधक तर असतेच. अण्णांचा खोकला नेमका याच काळात सुरू झाला आहे. फवारणीचे यंत्र (ब्लोअर) ते स्वतः चालवतात की फक्त द्रावण कालवतात, तोंडाला काही बांधतात का, की नुसता उपरण्याचा पदर असतो, हे डॉक्टरांना सांगा. औषधांच्या डब्यांवरील पाटीचे फोटो काढून ठेवा, कारण नावे आपल्याला पाठ असली तरी त्यातील घटक नसतात.

याची एक सोपी पारख आहे. अण्णा चार दिवस लेकीकडे किंवा तुमच्याकडे इंदिरानगरला राहिले होते का, आणि त्या दिवसांत खोकला कमी झाला होता का, हे आठवून पाहा. बागेपासून दूर असताना उतरणारा आणि परत गेल्यावर उसळणारा खोकला डॉक्टरांना बरेच काही सांगतो. तसे पाहिले तर निफाडची थंडीही काही कमी नाही. राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी आली की आमच्या तालुक्याचे नाव ठरलेले. पहाटे शेकोटीभोवती बसण्याची सवय असेल तर त्या धुराचाही उल्लेख करावा. घरात चूल असेल तर सासूबाईंनाही खोकला आहे का, हे विचारायला विसरू नका.

कफप्रकृती
सर्वांचा सल्ला मान्य करूनही मला वाटते की आपण फार लवकर एक्स-रे आणि तपासण्यांकडे धावतो. आमच्या घरी अडुळसा, ज्येष्ठमध आणि सितोपलादि चूर्ण मधातून, यावर तीन पिढ्यांचे खोकले बरे झाले. नातवंडांनाही आम्ही तेच देतो.

औषधविक्रेता
साध्या खोकल्याला आले-मध घेण्यास कोणाचीच हरकत नाही, मीही दुकानात तेच सांगतो. पण येथे प्रश्न दोन महिने उलटून गेलेल्या खोकल्याचा आहे. शिवाय ज्येष्ठमध नियमित आणि जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने ते घेत असल्यास सांगणे आवश्यक ठरते. काढे पिशवीत घाला असे मी वर लिहिले ते याचसाठी.

नातवंडांचा विषय निघाला म्हणून सांगतो, एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. खोकल्याची पातळ औषधेही मुलांना दुकानातून परस्पर आणून देऊ नयेत. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या औषधाने लहान मुले दगावली, त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत असे कळवले आहे. लहान मुलाला खेळता-खेळता किंवा खाताना अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत अडकल्याची शक्यता असते, तेव्हा काढा करत बसू नये. मुलांसाठी वेगळा धागा काढावा, येथे अण्णांचेच चालू ठेवू या.

सिन्नरकर
आमच्याकडे बिड्या वळणाऱ्या बायका घराघरात होत्या आणि तंबाखूच्या धुळीचा खोकला हा जणू घरातलाच मानला जाई. त्यामुळे खरा आजार कळायला उशीर होई. म्हणून एक विनंती करतो. कफाच्या तपासणीचे नाव काढले की घरातील वडीलधारी मंडळी "लोक काय म्हणतील" या विचाराने गप्प होतात. अण्णांना आधीच सांगून ठेवा की, ही तपासणी म्हणजे निदान नव्हे. शासकीय केंद्रांत आणि त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात ती विनामूल्य होते, आणि क्षयरोग निघालाच तरी औषधे मोफत मिळतात. साध्या क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात आणि ते पुरे केले तर माणूस बरा होतो. खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे 2012 पासून बंधनकारक आहे, तेव्हा नोंदणीसाठी विचारणा झाली तर बिचकू नये. पोषणासाठी दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली आहे आणि ती थेट बँक खात्यात येते, म्हणून आधार कार्ड आणि पासबुकाची प्रत फाईलमध्ये असू द्यावी. लागली नाही तर उत्तमच.

इंदिरानगरकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोळी बंद करणार नाही. ती देणाऱ्या डॉक्टरांना यजमान आजच फोन करत आहेत. आत तेच जातील आणि मी बाहेर थांबेन, असे ठरले. अण्णा दोन दिवस आधी आमच्याकडे येणार आहेत, तेव्हा बागेपासून दूर असताना काय होते तेही पाहता येईल. इकडे रस्त्यांच्या कामांची धूळ आहे, ती वेगळीच.

दवाखान्यात फोन केला. एक्स-रे तेथेच काढतात आणि फुंकर मारण्याची तपासणीही (स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणे) होऊ शकते, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी काही पथ्य असते का? आणि कफाचा नमुना मागितला तर तो कसा द्यायचा? अण्णांना सांगितले तर ते थुंकी देऊन मोकळे होतील.

निवृत्त परिचारिका
आपली शंका अगदी रास्त आहे, पुष्कळ नमुने थुंकीचेच येतात आणि वाया जातात. सकाळी उठल्यावर काही खाण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा. मग दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन, तो क्षणभर धरून, पोटातून जोर काढून खोकायचे आणि छातीतून सुटलेला घट्ट कफ डबीत घ्यायचा. साधारण अर्धा चमचा पुरतो. हे गच्चीवर किंवा अंगणात, इतरांपासून दूर करावे, झाकण घट्ट लावावे आणि डबीवर नाव लिहिले आहे ना ते पाहावे. डबी दवाखाना किंवा प्रयोगशाळाच देते, घरातील लोणच्याची बरणी धुऊन वापरू नये. बहुधा दोन नमुने मागतात, एक तेथल्या तेथे आणि एक पहाटेचा. कफ पडतच नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, ओढून-ताणून लाळ देऊ नये.

फुंकर मारण्याच्या तपासणीआधी भरपेट जेवू नये, त्या दिवशी बिडी ओढू नये आणि छाती-पोटावर घट्ट कपडे नसावेत. दाताची कवळी असेल तर ती काढायची की नाही, हे तेथील तंत्रज्ञ सांगतील. कोणता पंप चालू असेल तर तो किती तास आधी थांबवायचा, हे आजच फोनवर विचारून घ्या, कारण प्रत्येक पंपाची वेळ वेगळी असते आणि आपल्या मनाने तो बंद करायचा नसतो. जोरात फुंकताना डोळ्यांवर आणि छातीवर ताण येतो, म्हणून गेल्या काही आठवड्यांत अण्णांची मोतीबिंदूची किंवा दुसरी कोणती शस्त्रक्रिया झाली असेल, अथवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर ते तपासणी सुरू होण्यापूर्वीच सांगावे. डोळ्यांच्या थेंबांची बाटली पिशवीत टाकली असेल तर त्यावरूनही आठवण होईल.

निघण्यापूर्वी यजमानांना तीन गोष्टी डॉक्टरांकडून लिहूनच घ्यायला सांगा: कोणत्या आजाराचा संशय आहे, दिलेल्या औषधाने किती दिवसांत फरक दिसायला हवा, आणि तसा तो दिसला नाही तर परत कधी यायचे. अहवाल मागाहून येणार असतील तर ते कोण आणणार, हेही त्याच वेळी ठरवा, नाहीतर ते प्रयोगशाळेतच पडून राहतात.